डॉल्फिनबरोबर पोहून आले, आणि आता तो फोटो लावावासा वाटत नाही

शिंपला

मागच्या महिन्यात सहलीत 'डॉल्फिनबरोबर पोहा' हा प्रकार केला. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, माझं त्यांच्याशी भांडण नाही. प्रश्न पडलेत ते इथे मांडते.

एकूण चाळीस मिनिटांचा कार्यक्रम. पहिली दहा मिनिटं सूचना: अंगठ्या काढा, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्राला हात लावू नका, डोळ्यांजवळ बोट नेऊ नका. मग कमरेइतक्या पाण्यात आम्ही आठजण ओळीने उभे राहिलो. प्रशिक्षकाने हात वर केला, ती आली (मादी होती). एकेकासमोर थांबायची, गालाला चोच लावायची. फोटो, शिट्टी, मासा, पुढचा माणूस. तिच्या अंगावरून हात फिरवला तेव्हा नव्याकोऱ्या ओल्या रबरी ट्यूबला हात लावल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आमचं आटोपलं, पुढची तुकडी यायची होती. मी कठड्यावर पाय पुसत बसले होते. त्या पाच-सात मिनिटांत ती एकटीच फिरत होती. भिंतीला धरून, कायम त्याच बाजूने, आणि श्वास घ्यायला वर यायची ती दरवेळी त्याच पायरीपाशी. मी अकरा फेऱ्या मोजल्या. पाठीवर बारीक समांतर ओरखडे होते, कुणी कंगवा ओढल्यासारखे. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "आपसात खेळतात."

तर प्रश्न असा: त्यांना त्रास होतो का? आणि होत असेल तर ओळखायचं कसं? की मीच उगाच तिच्या जागी स्वतःला ठेवून बघतेय?

---

तिरकस

फोटोत ती हसतेय ना? मग झालं तर. आमच्या ऑफिसच्या ग्रुप फोटोत एवढं कुणी हसत नाही.

(फेऱ्यांचं म्हणाल तर जेवणानंतर आमचे साहेबही एकाच बाजूने चकरा मारतात. त्यांना मासा मिळत नाही एवढाच फरक.)

---

गुरांचा_डॉक्टर

तिरकसराव, तुमच्या विनोदातच या धंद्याचं गुपित आहे. डॉल्फिन हसत नाही. जबड्याची ठेवणच तशी असते. आपल्यासारखे भाव बदलायला लागणारे चेहऱ्याचे स्नायू त्याच्याकडे नाहीत. आजारी असो, घाबरलेला असो, मेलेला असो, तोंड तेच. गाय दुखत असली की कान पाडते, घोडा नाकपुड्या ताणतो. या बिचाऱ्याकडे ती सोय नाही, उलट त्याच्या चेहऱ्याचा भलताच अर्थ निघतो.

आता शिंपलाताईंच्या दोन निरीक्षणांबद्दल. माझा पेशा गाई-म्हशींचा आहे, पण बंदिस्त प्राण्यांच्या वागणुकीवर बरंच वाचलं आहे.

ओरखडे: डॉल्फिन एकमेकांना दातांनी खरवडतात. खुल्या समुद्रातल्या डॉल्फिनच्या अंगावरही असे ओरखडे सापडतात, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. फरक एवढाच की समुद्रात हरलेला निघून जातो. टाकीत जाऊन जाऊन जाणार कुठे? ओरखडे ताजे आहेत का, सारखे त्याच एकाच्या अंगावर दिसतात का, हे बघायला हवं.

फेऱ्या: एकाच मार्गाने, एकाच लयीत, तासन् तास चाललेलं फिरणं हे बंदिस्त प्राण्यांमधलं ओळखीचं लक्षण आहे. पिंजऱ्यातला वाघ येरझाऱ्या घालतो, तोच प्रकार. पण इथे एक मेख आहे. डॉल्फिन झोपतो तेव्हा मेंदूचा एकच अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा असतो, आणि त्या अवस्थेत तो संथपणे गोल फिरत राहू शकतो. म्हणजे तुम्ही पाहिलंत ते कंटाळ्याचं फिरणं असेल, विश्रांती असेल किंवा पुढच्या माशाची वाटही असेल. सात मिनिटांवरून सांगता येणार नाही. दिवसभर बसून नोंदी केल्या तर सांगता येईल.

---

कोपऱ्यातला

रक्त तपासलं की कळत नाही का? ताणाचं हार्मोन असतं ना काहीतरी.

---

गुरांचा_डॉक्टर

@कोपऱ्यातला, कॉर्टिसॉल. ऐकायला सोपं वाटतं. पण रक्त काढायला प्राणी धरला की त्या धरण्यानेच काही मिनिटांत ते वाढतं. म्हणून शेपूट आपणहून पुढे करायला शिकवतात आणि तिथल्या शिरेतून रक्त घेतात. विष्ठेतूनही मोजतात, कातडीखालच्या चरबीतूनही. तरीही अडचण उरतेच. आनंदाच्या धावपळीतही ते वाढतं, आणि ताण फार दिवस टिकला तर शरीर त्याला सरावून आकडा चक्क सामान्य दिसू शकतो. त्यामुळे आकड्याच्या जोडीला खाणं, वजन, पोटातले व्रण, सोबत्यांशी वागणं, खेळणं हे सगळं पाहावं लागतं. २०१५ मध्ये इझाबेला क्लेग आणि सहकाऱ्यांनी डॉल्फिनसाठी अशी एक तपासणीची पद्धत मांडली, शेतीच्या जनावरांसाठी युरोपात वापरतात त्या धर्तीवर. आम्ही गोठ्यात जे करतो त्याचंच पाण्यातलं रूप म्हणा.

अवांतर: 'टाकीच्या भिंतींवर आपलेच आवाज आदळून डॉल्फिन वेडे होतात' हे वाक्य सगळीकडे फिरत असतं. त्याला धड पुरावा मी पाहिलेला नाही. पण पंपांची घरघर आणि लाउडस्पीकर यांचा विचार करायलाच हवा. आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला साधारण दीडशेपर्यंत.

---

ओहोटी

बराच वेळ नुसती वाचत होते, आता लिहितेच. अशाच एका ठिकाणी मी दोन वर्षं काम केलंय. प्रशिक्षक म्हणून नाही, माशांच्या खोलीत.

सकाळी सहाला सुरुवात. गोठवलेले मासे रात्रभर वितळत ठेवलेले असतात. ते निवडायचे, फाटक्या पोटाचा बाजूला काढायचा, प्रत्येक जनावराच्या नावाच्या बादलीत वजन करून भरायचे. गोठवल्याने माशातली काही जीवनसत्त्वं जातात, म्हणून कल्ल्यांत गोळ्या खुपसायच्या. आणि डॉल्फिन समुद्राचं पाणी पीत नाही, त्याला पाणी मिळतं ते माशातूनच. गोठवलेल्या माशात ते कमी पडतं. मग जिलेटिनचे पारदर्शक तुकडे भरवायचे. पाहुण्यांना वाटायचं, खाऊ आहे. माझ्या हातांचा वास दोन वर्षं गेला नव्हता.

तिथली माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. एक प्रशिक्षक तर आजारी पिल्लासाठी तीन रात्री कठड्यावर झोपला होता. 'उपाशी ठेवून कामं करून घेतात' असं लोक लिहितात, ते आमच्याकडे तरी खरं नव्हतं. दिवसाचं ठरलेलं वजन संध्याकाळपर्यंत पोटात जायचंच. पण कधी मिळेल, कुणाच्या हातून, आणि कशाच्या बदल्यात, हे सगळं माणूस ठरवायचा.

कधी कधी एखादी दांडी मारायची. हात वर झाला तरी यायची नाही, टाकीच्या पलीकडच्या टोकाला तळाशी जाऊन थांबायची. गर्दी नसेल त्या दिवशी प्रशिक्षक म्हणायचा, "राहू दे तिला", आणि दुसरीला बोलवायचा. सुट्टीच्या हंगामात मात्र दर तासाला तुकडी असायची, सगळी तिकिटं गेलेली, आणि दुसरीही थकलेली. मग तिच्या आवडीचा मासा दाखवायचा, फाटक लावून घ्यायचं, पुन्हा बोलवायचं. चौथ्या वेळेला यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे, "लाजत होती वाटतं!"

मी नोकरी सोडली ती पगारासाठी, तत्त्वासाठी नाही. पण ते फाटक लावल्याचा आवाज डोक्यातून जात नाही.

---

फुकटचा_सल्ला

वाचनखूण साठवली आहे. ओहोटी, यावर स्वतंत्र धागा काढा.

---

तळटीप

ओहोटींच्या 'पलीकडच्या टोकाला जाऊन थांबायची' या वाक्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, म्हणून लिहितो.

१९९५ मध्ये सॅम्युअल्स आणि स्प्रॅडलिन यांनी अमेरिकेतल्या अशा पोहण्याच्या कार्यक्रमांचा अभ्यास केला. प्रशिक्षकाचं थेट नियंत्रण असलेले आणि नसलेले, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे काढले. नियंत्रण नसेल तिथे माणसांना आणि डॉल्फिनना, दोघांनाही धोका होईल असं वागणं दिसलं. म्हणजे 'मोकळं, नैसर्गिक पोहणं' अशी जाहिरात असलेला प्रकारच जास्त जोखमीचा! (दीडशे-दोनशे किलोंचा, दात असलेला प्राणी आहे हो. सहज टक्कर दिली तरी बरगडी जाईल.)

न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मरीनलँड या समुद्री प्राण्यांच्या उद्यानातला अभ्यास २००३ चा. तिथे 'कॉमन' जातीच्या डॉल्फिनना माणसांना प्रवेश नसलेली आश्रयाची जागा राखून ठेवली होती. पोहणारे पाण्यात उतरले की डॉल्फिन त्या जागेचा वापर जास्त करू लागत. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात बोलका प्रयोग. प्राण्याला विचारता येत नाही, पण दार उघडं ठेवून तो कुठे जातो ते बघता येतं.

उलट बाजूही देतो, नाहीतर कुणीतरी म्हणेलच. २००५ मध्ये ट्रोन, कुझाज आणि सोलांगी यांना अशा सत्रांनंतर डॉल्फिनचा खेळ वाढलेला दिसला, अपाय दिसला नाही. आणि २०१८ मध्ये क्लेग यांच्याच गटाने पॅरिसजवळच्या पार्क अॅस्टेरिक्स या करमणूक-उद्यानात तपासलं की डॉल्फिन कशाची वाट बघतात. खेळणी येणार असल्याची खूण एक, ओळखीचा माणूस खेळायला येणार असल्याची खूण दुसरी. माणसाची वाट त्यांनी जास्त पाहिली.

---

दीपस्तंभ

शेवटी कुणीतरी दुसरी बाजू आणली, धन्यवाद. इथे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की बंदिवास म्हणजे नरक. समुद्रात काय पंचतारांकित व्यवस्था आहे? शार्क आहेत, जाळी आहेत, प्रदूषण आहे. २०१९ मध्ये जाकोला आणि विलिस यांनी अमेरिकेतल्या संस्थांमधल्या 'बॉटलनोज' जातीच्या डॉल्फिनचा हिशेब मांडला. सरासरी आयुर्मान २८-२९ वर्षं, खुल्या समुद्रातल्या अभ्यासलेल्या कळपांच्या तोडीस तोड. डॉल्फिन माणसाची वाट बघतो हे तर आत्ताच वाचलंत. मग अडचण कुठे आहे? भावनेच्या भरात वाहून जाऊ नका एवढंच म्हणणं.

---

तळटीप

आकडा बरोबर आहे. फक्त जाकोला या स्वतः डॉल्फिन पाळणाऱ्या फ्लोरिडातल्या संस्थेत संशोधक आहेत हेही सोबत लिहायला हवं. त्यामुळे आकडा खोटा ठरत नाही. आणि तो अमेरिकेतल्या, नोंदी ठेवणाऱ्या ठिकाणांचा आहे. शिंपलाताईंनी पाहिलेली जागा त्यात असेलच असं नाही.

---

गुरांचा_डॉक्टर

दीपस्तंभ, आयुर्मानाचा मुद्दा मान्य. पूर्वी बंदिवासात फार लवकर मरायचे, आता औषधपाणी सुधारलंय. पण किती जगला आणि कसा जगला हे दोन वेगळे रकाने आहेत. खुंट्याला बांधलेला बैलही वीस वर्षं जगतो.

'वाट बघतो' याबद्दल मात्र थोडं थांबा. ज्याच्या दिवसात घडण्यासारखं फारसं काही नसतं, तो प्राणी जे एखादं घडतं त्याची फार आतुरतेने वाट बघतो, हे इतर प्राण्यांतही दिसलेलं आहे. गोठ्यातली जी म्हैस बादलीच्या आवाजाला सगळ्यात जास्त उसळते, ती सगळ्यात सुखी असते असं नाही. आणि क्लेग यांच्या प्रयोगातला माणूस ओळखीचा होता, एकटा होता, खेळायला आला होता. तासातासाला बदलणारी आठ अनोळखी माणसं आणि तो, यांची तुलना कशी करणार?

---

दीपस्तंभ

म्हशीचा मुद्दा पटला. आठ माणसांचाही पटला. बाकी माझं मत कायम.

---

उंबरठा

इथे नियमांचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात.

अमेरिकेत केंद्रीय नियमाप्रमाणे बॉटलनोज डॉल्फिनच्या टाकीची किमान लांबी-रुंदी २४ फूट किंवा प्राण्याच्या सरासरी लांबीच्या दुप्पट, यातलं जे जास्त ते. किमान खोली ६ फूट. पुन्हा वाचा, सहा फूट. उभा राहिलो तर माझं डोकं जेमतेम बुडेल. प्राणी स्वतः आठ-दहा फुटांचा. बऱ्याच संस्था याहून मोठ्या टाक्या ठेवतात, पण कायदा एवढ्यावर समाधानी आहे.

त्याच देशात १९९८ मध्ये पोहण्याच्या कार्यक्रमांसाठी वेगळे नियम आले होते: एका डॉल्फिनला पाहुण्यांबरोबर दिवसाला जास्तीत जास्त दोन तास, आणि त्याला हवं तेव्हा जाता येईल अशी माणसांना बंद जागा. १९९९ मध्ये ते स्थगित झाले.

इतरत्र: भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांची केंद्रं उभारायला परवानगी नाकारली. कॅनडाने २०१९ मध्ये नवे प्राणी पकडणं आणि पैदास बंद केली. फ्रान्सचा खेळ बंद करण्याचा कायदा २०२१ चा. मेक्सिकोत २०२५ मध्ये खेळांवर बंदी आली. तिथे कसरत करताना काँक्रीटवर आपटलेल्या मिंचो नावाच्या डॉल्फिनवरून त्या कायद्याला लोक 'मिंचो कायदा' म्हणतात. ब्रिटनने बंदी न घालता फक्त मानकं इतकी कडक केली की १९९३ पासून तिथे एकही डॉल्फिन केंद्र उरलेलं नाही. मला हा शेवटचा मार्ग भारी आवडतो. बंदी घातली की आरडाओरडा होतो, खर्च वाढवला की आपोआप कुलूप लागतं.

---

पिंपळपान

थोडं वेगळं लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. आम्ही 'डॉल्फिन थेरपी' केली होती, पाच दिवसांची. कर्ज काढून. तिथे सांगितलं होतं की त्यांच्या आवाजाच्या लहरींनी मेंदूवर परिणाम होतो. पाचव्या दिवशी तो पाण्यात खदखदून हसला, आणि त्या हसण्याचा व्हिडिओ मी अजून रोज बघते. पण घरी आल्यावर तीन आठवड्यांत सगळं होतं तिथेच. नंतर कळलं की मॅरिनो आणि लिलिएनफेल्ड यांनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये हे सगळे अभ्यास तपासले होते, आणि टिकाऊ फायद्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नव्हता.

मला कुणी फसवलं असं म्हणवत नाही. तो हसला होता. पण आता हा धागा वाचून मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, यावेळी मुलाकडे न बघता डॉल्फिनकडे. ती पूर्ण वेळ प्रशिक्षकाच्या बादलीकडे बघतेय.

---

फुकटचा_सल्ला

पिंपळपान, तुम्ही त्या वेळी जे केलंत ते कुणीही आईबापाने केलं असतं. स्वतःला बोल लावू नका.

---

कोपऱ्यातला

भाबडा प्रश्न: मग सोडून द्या ना सगळ्यांना समुद्रात. होतं का तसं?

---

तळटीप

काहींचं होतं. तुर्कस्तानात हिसारोनू इथे टॉम आणि मिशा नावाचे दोन डॉल्फिन एका छोट्या, घाणेरड्या तलावात पर्यटकांबरोबर पोहायला ठेवले होते. २०१० मध्ये सुटका झाली, मग समुद्रातल्या जाळीबंद जागेत दीड वर्षाहून जास्त काळ त्यांना जिवंत मासे पकडायला पुन्हा शिकवलं. मे २०१२ मध्ये सोडले. ते मुळात समुद्रातून पकडलेले होते, म्हणून जमलं. बालीतही हॉटेलच्या तलावात राहिलेले जॉनी, रॉकी आणि रॅम्बो २०२२ मध्ये समुद्रात परतले. जॉनीचे दात झिजून गेले होते, त्याला दातांच्या डॉक्टरांनी वरून नवे बसवले!

टाकीत जन्मलेल्यांचं अवघड आहे. जिवंत मासा त्यांनी कधी पकडलेला नसतो, कळप नसतो, समुद्रातले धोके माहीत नसतात. त्यांच्यासाठी खाडीत कुंपण घातलेली मोठी जागा, खाणं माणसाने द्यायचं पण कामं नाहीत, हा मधला मार्ग. आइसलँडच्या हेमाय बेटावर बेलुगा देवमाशांसाठी २०१९ पासून असा प्रयत्न चालू आहे, आणि तोही वाटला होता त्यापेक्षा फार कठीण जातोय.

---

तिरकस

मग बोटीतून बघायचे, लांबून. विषय संपला. (हा प्रतिसाद विनोदी नाही, अपवाद म्हणून.)

---

ओहोटी

लांबून, हेच महत्त्वाचं. हवाईत 'स्पिनर' जातीचे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत झोपायला येतात. पर्यटक नेमके त्या वेळी उड्या टाकायचे. शेवटी २०२१ मध्ये ५० यार्डांच्या आत जायलाच मनाई केली. आणि ऑस्ट्रेलियातल्या मंकी मायाला किनाऱ्यावर माणसांच्या हातून मासे खाणाऱ्या माद्यांची पिल्लं जास्त मरत होती. आया किनाऱ्यापाशीच घुटमळायच्या, पिल्लांकडे दुर्लक्ष व्हायचं. खाऊ घालणं आवरलं तशी पिल्लं जगू लागली. म्हणजे समुद्र खुला असला तरी आपण बादली घेऊन पोचतोच.

---

शिंपला

सगळ्यांचे आभार. एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

तळटीप आणि ओहोटींचं वाचून मी त्या ठिकाणाला ईमेल केली. आरोप काहीच केले नाहीत, फक्त तीन प्रश्न विचारले. एक, माणसांना बंद अशी जागा डॉल्फिनना आहे का आणि तिचं फाटक सत्र चालू असताना उघडं असतं का. दोन, एका डॉल्फिनची दिवसाला किती सत्रं होतात. तीन, ती आली नाही तर काय करता, आणि पाहुण्यांचे पैसे परत देता का.

काल उत्तर आलं. 'आमचे डॉल्फिन आमच्या कुटुंबाचे सदस्य आहेत', मग दोन परिच्छेद पाण्याच्या शुद्धतेवर, आणि खाली पुढच्या भेटीत फोटोंच्या पॅकेजवर सवलतीचा कोड.

---

ओहोटी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. आमच्याकडे पैसे परत देत नसत. म्हणून तर फाटक लावायचे.